बारगीर जहाजं

मे महिन्यातल्या रविवारी भर दुपारी नागपुरात माणसाने करावं तरी काय? पारा ४५ च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, झोपावं तर उशी तापलेली. आम्ही चौघं धरमपेठेतल्या एका मित्राच्या हॉलमध्ये कूलरसमोर सतरंजी टाकतो आणि अवकाशातल्या लढाया लढतो. चौघांची वयं मिळून दोनशेच्या पुढे गेली आहेत, पण ते असो.

खेळ घरचाच. चौकटीच्या वहीचे कागद, पेन्सिली, खोडरबर, दोन फासे, आणि कूलरच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला मित्राच्या आईचा अडकित्ता. ज्याला त्याला ठरावीक टन मिळतात, त्यात आपापलं आरमार बसवायचं. नियम वर्षानुवर्षं भांडून तयार झालेत. त्यातला सगळ्यात जाचक नियम असा, की एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे नेणारं इंजिन, आम्ही त्याला 'लांबचं इंजिन' म्हणतो, ते इंधनासकट जहाजाचं निम्मं वजन खातं. उरलेल्या निम्म्यात तोफा, चिलखत, माणसं आणि लढताना वळायला-पळायला लागणारं जवळचं इंजिन, सगळं कोंबायचं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सीए मित्राने कागद पुढे सरकवला तेव्हा त्याच्या दहाही युद्धनौकांमध्ये लांबच्या इंजिनाचा रकाना कोरा होता.

"हे तिथवर जाणार कसे?" मी विचारलं.

"नवरदेव कधी पायी जातो का बे?"

कागदाच्या कोपऱ्यात त्याने तीन लांबोळके ठोकळे काढले होते. खाली लिहिलं होतं, हमाल. तोफ नाही, चिलखत नाही, नुसतं इंजिन, टाक्या आणि चारी अंगांनी हुक. हमालांनी नवरदेवांना मांडवाच्या दारापर्यंत आणून सोडायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. लढाई आटोपली की परत हुक लावून घरी. बंदरात मोठ्या जहाजाला धक्क्याला लावणारी टग असते, तिचाच हा अवकाशातला थोरला भाऊ.

मला पहिल्यांदा ही शुद्ध लबाडी वाटली. न्यायचं वजन तेवढंच असेल तर ते न्यायला इंजिनही तेवढंच लागणार. दहा जहाजांच्या पोटातली इंजिनं काढून तीन हमालांच्या पोटात घातली, वाचलं काय? मी तसं म्हणालोही. "तू काहीच वाचवलं नाहीस. एका खात्यातलं दुसऱ्या खात्यात टाकलंस."

"मग आमचा धंदा दुसरा काय आहे?" तो शांतपणे म्हणाला आणि पेन्सिल कानामागून काढली.

त्याने मांडलेला हिशेब इथे देतो, कारण त्या दिवशी मी हरलो तो याच हिशेबापुढे. हजार टनांचं जहाज घ्या. त्यातले पाचशे टन लांबच्या इंजिनाचे. लढाईच्या वेळी हे पाचशे टन काय करतात? काहीच नाही. ते मांडवात आलेल्या सामानासारखे पडून असतात, पण वळताना त्यांना वळवावं लागतं आणि गोळे येतात तेव्हा त्यांनाही झाकावं लागतं. ते उतरवले, की तेच जवळचं इंजिन निम्मं वजन ढकलतं, म्हणजे जहाज दुप्पट चपळ झालं. आता चिलखत. जहाजाचं आकारमान निम्मं झालं तर पृष्ठभाग निम्मा होत नाही, ६३ टक्के उरतो. सीएला याचं थोडं वाईट वाटलं, त्याला ५० हवे होते. तरी तेवढंच पोलाद ६३ टक्के अंगावर पसरायचं म्हटलं तर ते दीडपटीहून जास्त जाड बसतं. एक टनही न वाचवता त्याच्या नौका माझ्या नौकांपेक्षा दुप्पट चपळ आणि दीडपट टणक झाल्या होत्या.

यात आणखी एक गोम आहे, ती मला रात्री घरी गेल्यावर सुचली. जो आपल्याच ग्रहाभोवती लढतो त्याला लांबचं इंजिन कधीच लागत नाही. त्याची सगळी जहाजं मुळातच नवरदेव. घरच्या मैदानावर खेळणाऱ्याचा खरा फायदा हाच. चाल करून येणारा मात्र अर्धं वजन प्रवासाचं घेऊन येतो आणि पूर्ण वजनाच्या पहिलवानाशी कुस्ती करतो. हमाल वापरला की चाल करून येणाराही घरच्यासारखा लढतो. ही युक्ती म्हणजे यजमानाचं बलस्थान पाहुण्याने पळवणं.

खऱ्या अवकाशात तर वजनाचा जाच आमच्या नियमापेक्षा वाईट आहे. १९०३ साली त्सिओल्कोव्स्कीने अग्निबाणाचं जे समीकरण मांडलं ते सावकाराच्या व्याजासारखं चालतं. इंजिनातून ज्या वेगाने वायू बाहेर पडतो तितकाच वेग यानाला हवा असेल, तर निघतानाचं वजन रिकाम्या वजनाच्या २.७ पट लागतं. दुप्पट वेग हवा तर ७.४ पट. तिप्पट हवा तर २० पट. जवळ बाळगलेल्या प्रत्येक बिनकामाच्या किलोवर हे व्याज चढतं. म्हणून ज्याची गरज संपली ते वाटेत सोडायचं, आणि ज्याची गरज पुढे लागेल पण आत्ता नाही, ते कुठेतरी टांगून ठेवायचं. अपोलोवाल्यांनी दुसरी गोष्ट केली. चंद्रावर उतरणाऱ्या यानाला पृथ्वीवर परतायचं इंजिन नव्हतं, वातावरणात शिरताना लागणारी उष्णतेची ढालही नव्हती. ती ओझी वर, कक्षेत फिरणाऱ्या मुख्य यानात. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली असताना मायकेल कॉलिन्स एकटा वर हमाल सांभाळत होता. खालच्या दोघांचं घर त्याच्या हुकावर.

आणि आपलं चांद्रयान-३. त्यात २१४८ किलोचा एक नुसता ढकलणारा भाग होता आणि १७५२ किलोचा उतरणारा, ज्याच्या पोटात २६ किलोची गाडी. ढकलणाऱ्याने उतरणाऱ्याला चंद्राच्या सुमारे १५० किलोमीटरवरच्या कक्षेत नेलं, १७ ऑगस्ट २०२३ ला सोडलं आणि तो बाजूला झाला. २३ तारखेला संध्याकाळी आम्ही चौघं याच हॉलमध्ये टीव्हीपुढे होतो. विक्रम उतरला, पेढे वाटले, आणि सगळे आपापल्या घरी जाऊन नवरदेवाचीच चर्चा करत बसले. हमालाकडे इंधन उरलं होतं, त्याला पुढे पृथ्वीच्या कक्षेत परत आणलं. ती बातमी आली तेव्हा फटाके कोणी फोडले नाहीत.

आमच्यातले तिसरे भिडू म्हणजे सर. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, आम्ही तिघंही त्यांना सरच म्हणतो. ते बराच वेळ सुपारी कातरत ऐकत होते (अडकित्ता उचलल्यामुळे माझं अर्धं आरमार सोफ्याखाली गेलं होतं). मग म्हणाले, "हमाल, नवरदेव काय लावलंय? याला आपल्याकडे शब्द आहे. शिलेदार आणि बारगीर."

ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो, तो बारगीर. माझी जहाजं शिलेदार, सीएची बारगीर. मला हा शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून खेळात तोच चालतो. नागपूरकराने तर तो विसरूच नये. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून भास्करपंतांच्या हाताखाली बंगालवर गेल्या, १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई घेऊन थांबल्या. बंगाली माणूस त्या स्वारांना बर्गी म्हणतो. तो शब्द बारगीरवरूनच आला. महालातून निघालेला आपला एक प्रशासकीय शब्द तिकडे अंगाईतला बागुलबुवा झाला.

पण सरांचा मुद्दा शब्दापुरता नव्हता. "शिलेदाराचं मन फिरलं तर तो घोड्याला टाच मारून घरी जातो. घोडा त्याचाच. बारगीर कुठे जाईल? घोडा पागेचा." सीएने तीन हमाल काढताना वजनाचा विचार केला होता. सरांनी त्यात गादीचा विचार घातला. समजा दूरच्या ताऱ्यावर एखादा सुभेदार आहे, त्याच्या हाती वीस भारी युद्धनौका आहेत. त्या शिलेदार असतील तर राजधानीत राजाने एक डोळा उघडा ठेवूनच झोपायचं. त्या बारगीर असतील आणि हमाल राजाच्या पागेत असतील, तर सुभेदाराच्या नौका कितीही टणक असोत, त्या त्याच्या ताऱ्याभोवतीच घिरट्या घालणार. अवकाशकथांमधल्या साम्राज्यांनी ही जहाजं कशासाठी बांधावीत, याचं इतकं पटणारं कारण मला दुसरं दिसत नाही. चिलखत दीडपट जाड होतं ही वरकमाई.

समुद्रावर या कल्पनेची परीक्षा अनेकदा झाली आहे, आणि निकाल सरळ नाही. अमेरिकेची मॉनिटर ही लोखंडी युद्धनौका ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्सच्या शांत पाण्यात गाजली. खोल समुद्र हे तिचं काम नव्हे. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दुसऱ्या जहाजामागे दोराने ओढत नेताना केप हॅटरसजवळच्या वादळात ती बुडाली, १६ माणसं गेली. लढाईत तिला कोणी बुडवलं नाही, वाटेने बुडवलं. आपल्याकडे आंग्रे यांच्या आरमारात उलटी जोडी होती. मोठी, तोफांनी भरलेली गुराब शिडांवर चालायची. वारा पडला की ती जागच्या जागी. मग वल्ह्यांची चपळ गलबतं पुढे होऊन तिला दोराने ओढत तोफेच्या टप्प्यात न्यायची. इथे ओढणारा लहान आणि ओढला जाणारा मोठा, आणि ओढणाराही लढणारा. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण गलबत लांब जाऊन उभं राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण मात्र सीएच्या आरमाराशी तंतोतंत जुळतं. टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका नॉर्वेच्या एका चिंचोळ्या खाडीत जाळ्यांआड उभी होती. ब्रिटिशांनी तिच्यावर सहा छोट्या पाणबुड्या पाठवल्या, प्रत्येकीत चार माणसं. इतकी छोटी पाणबुडी स्कॉटलंडहून हजार मैलांवर स्वतः जाऊ शकत नव्हती, म्हणून प्रत्येकीला एक मोठी पाणबुडी ओढत घेऊन गेली. प्रवासाला वेगळी माणसं आणि हल्ल्याला वेगळी, हा त्यातला मला सर्वांत आवडणारा तपशील. वाटेवर तिघं त्या ओल्या डब्यात बसून ती सांभाळणार, आणि नॉर्वेजवळ आल्यावर ताजेतवाने चौघं मोठ्या पाणबुडीतून तिच्यात उतरणार. वऱ्हाड येताना घामाघूम झालं तरी चालेल, नवरदेव कोरा करकरीत हवा. वाटेत एकीचा दोर तुटला आणि ती आपल्या तिघांसकट गेली. आणखी एक निकामी होऊन सोडून द्यावी लागली. २२ सप्टेंबर १९४३ ला दोघींनी जाळ्यांच्या आत घुसून टिर्पिट्झखाली स्फोटकं ठेवली, आणि ती प्रचंड नौका सहाएक महिने जायबंदी झाली. सहापैकी एकही छोटी पाणबुडी परत आली नाही. सीएच्या मते हा सौदा फायद्याचा. त्याच्या जमाखर्चात माणसांचा रकाना नसतो.

परत हुक लावणं हे सोडण्यापेक्षा किती अवघड, हे १९४८ मध्ये अमेरिकेच्या गॉब्लिन नावाच्या विमानाने दाखवलं. मोठ्या बॉम्बरच्या पोटात बसावं म्हणून ते अंड्यासारखं गोल केलेलं, चाकं नाहीत. शत्रू दिसला की खाली सोडायचं, काम झालं की हवेतच झुल्याला हुक लावून आत घ्यायचं. मोठ्या विमानाखालची हवा इतकी खवळलेली, की सात उड्डाणांत फक्त तीनदा हुक लागला. पहिल्याच वेळी झुल्यावर आपटून वैमानिकाच्या डोक्यावरची काच फुटली आणि त्याला पोटावर घसरत उतरावं लागलं. पुढे प्रकल्प गुंडाळला. आमच्या नियमात हुक लावायला दोन फाशांत किमान सात आणावे लागतात. मला वाटतं, आम्ही दयाळू आहोत.

आता मामाच्या ट्रॉलीबद्दल. हे मी त्या खेळात लगेच बोललो नव्हतो, पण सीएचा कागद बघताना डोक्यात तेच चाललं होतं.

माझा मामा काटोलकडचा. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. कापसाच्या दिवसांत भरलेली ट्रॉली यार्डातल्या रांगेत लावायची, तिचा नंबर लागायला कधी दोन दिवस, कधी तीन. तेवढा वेळ ट्रॅक्टर तिथे कशाला उभा ठेवायचा? मामा पिन काढायचा आणि मोकळा ट्रॅक्टर घेऊन गावाकडे जायचा. "ट्रॅक्टर का कापसाची राखण करते? मले गहू पेरायचा हाय." अवकाशकथेतल्या वेढ्याचं सगळं गणित या वाक्यात आहे. प्रवास थोडा आणि थांबणं फार, तिथे एक हमाल चार ठिकाणची कामं करतो. इथे सीएच्या खात्यात खरी बचत होते, वजनाची नव्हे, वेळेची. उलट झटकन येऊन लुटून जायचं असेल, तर ज्याचा घोडा त्याच्या मांडीखालीच हवा.

त्या वर्षी मी कॉलेजात होतो. मामाने मला आणि सालदाराला ट्रॉलीपाशी ठेवलं. डिसेंबर होता, पावसाचं नाव नाही. रात्री दोनच्या सुमारास पश्चिमेकडे वीज चमकली. शंभरेक पावलांवर टिनाचं मोठं शेड होतं, निम्मं रिकामं. ज्यांचे ट्रॅक्टर सोबत होते त्यांनी पाच मिनिटांत गाड्या चालू केल्या आणि आत घुसवल्या. आम्ही दोघांनी ट्रॉलीला खांदा लावला. भरल्या ट्रॉलीला दोन माणसांचा खांदा म्हणजे बैलाला माशी. ताडपत्री एका कोपऱ्याला फाटलेली, तो कोपरा नेमका वाऱ्याकडे. मोबाइल नव्हते. होते तरी मामा अठरा किलोमीटरवर झोपलेला. इतका कापूस, चांगला कापूस, आणि तो स्वतःहून एक पाऊल टाकू शकत नाही, ही भावना मला आजही अंगावर येते. थेंब पडायला लागले तेव्हा सालदार चाकाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "आता जे होईन ते होईन."

मग मागच्या रांगेतला एक माणूस स्वतःची ट्रॉली शेडमध्ये लावून मोकळा ट्रॅक्टर उलटा घेत आमच्याकडे आला. ओळख ना देख. त्याचा ट्रॅक्टर लाल, मामाचा निळा, कंपनी वेगळी. सालदाराने पुढचा दांडा उचलून धरला, हुकात बरोबर बसवला, आणि आमच्या लक्षात आलं की पिन मामाच्या खिशात गेली. त्या माणसाने सीटखालून टॉमी काढली, भोकात खुपसली, दोनदा हलवून बघितली आणि म्हणाला, "चाल्ते." वरचा थर भिजलाच, भाव पडला, मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. खालचा कापूस वाचला.

खेळाचं सांगायचं राहिलं. सीएच्या बारगिरांशी समोरासमोर लढण्यात अर्थ नव्हता, ते माझे शिलेदार चुरमुऱ्यासारखे चावत होते. मी सहा चपळ जहाजं लढाई सोडून वळवली आणि लांब उभे असलेले तीन हमाल गाठले. दोन डावांत तिन्ही खलास. सीएची दहाच्या दहा जहाजं शाबूत, विजयी, आणि घरापासून चार प्रकाशवर्षं लांब. त्याने नियमांची वही मागवली. पानं उलटली. शरणागतीचा नियम होता, अडकून पडण्याचा नव्हता. "मग मी जिंकलो की हरलो?" त्याने विचारलं. यावर आमची संध्याकाळच्या चहापर्यंत भांडणं झाली, आणि मी तेव्हा मामाची ट्रॉली सांगितली.

सीए ऐकत होता. शेवटी एकच प्रश्न विचारला, "लाल ट्रॅक्टरचा हुक निळ्याच्या ट्रॉलीला बसला कसा?"

बसतोच. सगळ्यांचा तसाच असतो. सर म्हणाले, १९७५ च्या जुलैमध्ये अपोलो आणि सोयूझ अवकाशात जोडले तेव्हा दोन्हीकडे एकसारखं कडं मुद्दाम बनवलं होतं. त्याआधीच्या रचनेत एका बाजूला दांडा आणि दुसऱ्या बाजूला भोक, म्हणजे कोण नर आणि कोण मादी हे निघण्यापूर्वीच ठरायचं. भर शीतयुद्धात त्यावर कोणी राजी होणं कठीण होतं. नव्या कड्यात दोन्हींपैकी कोणीही पुढाकार घ्यावा, दुसऱ्याने धरून घ्यावं. सीएने वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं: 'नियम ४१. हुक सर्वांचा एकच. कोणाचाही हमाल कोणाचंही जहाज ओढू शकेल.' आणि खाली सही केली, ऑडिट केल्यासारखी.

आमचा चौथा भिडू डॉक्टर आहे. खेळात तो फारसा बोलत नाही, निम्मा वेळ फोनवर असतो. पुढच्या रविवारी त्याने आरमाराचा कागद ठेवला. त्यावर एकही युद्धनौका नव्हती. अकरा हमाल, ओळीने, नीट पट्टीने काढलेले.

"हे काय करून राहिला बे?" सीएने विचारलं.

"तुम्ही लढा," डॉक्टर म्हणाला. "मी नंतर येऊन सगळी घेऊन जातो."

सीएने नियम ४१ कडे पाहिलं, मग खोडरबर शोधायला लागला. ते अडकित्त्याखाली होतं, आणि अडकित्ता सरांच्या हातात.